उंबरमाळ कुठल्या गावाखाली?

माझं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट आहे. लोकांकडे आकड्यांचा ढीग असतो. तो मी त्यांना चढता-उतरता येईल असा रचून देते. माणमध्ये, आयटी पार्कच्या मागच्या अंगाला, एका शेतकरी कुटुंबानं बांधलेल्या इमारतीत आमचं छोटं ऑफिस आहे. खाली त्यांच्या म्हशी, वर आमचे कॉम्प्युटर. दोन्हींत म्हशी जास्त भरवशाच्या.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे पिरंगुटच्या एका खाजगी डेअरीचं काम आलं. मुळशी धरणाच्या पाण्याभोवती डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथून ही डेअरी दूध गोळा करते. मालकांना सगळं एका पडद्यावर हवं होतं. तालुक्यावर बोट ठेवलं की गावं उघडावीत, गावावर ठेवलं की वाड्या, वाडीवर ठेवलं की त्या दिवसाचं दूध. या जिन्याला आमच्यात हायरार्की म्हणतात. माझी वरिष्ठ स्नेहल त्याला उतरंड म्हणते, आणि तेच मला जास्त आवडतं.

उतरंडीचा नियम एकच. प्रत्येक वाडीच्या वर एकच गाव हवं. एका वाडीला दोन गावं मिळाली तर तिचं दूध कुणाच्या नावावर मोजायचं हे यंत्राला कळत नाही, आणि मग ते हट्टी मुलासारखं पूर्ण जिनाच उभा करायला नकार देतं.

आमचा जिना उभा राहिला नाही. पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ आली: ‘उंबरमाळ’ या घटकाला वरचे घटक एकापेक्षा जास्त आहेत.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. असल्या चुका मला आवडतात, कारण त्यांच्यामागे बहुतेक वेळा एखादा माणूस सापडतो. कुणीतरी घाईत चुकीचं गाव निवडलेलं असतं, कुणीतरी नावापुढे एक मोकळी जागा सोडलेली असते. मी चहा घेतला, बाह्या सरसावल्या आणि शोधायला बसले.

उंबरमाळच्या वर दोन गावं होती. सावरघळ आणि निवेघर. सावरघळ पाण्याच्या ताम्हिणीकडच्या बाजूला, निवेघर पलीकडे, लोणावळ्याच्या अंगाला. मधे अख्खा जलाशय. मला वाटलं, उंबरमाळ नावाच्या दोन वाड्या असतील. डोंगरात एका नावाच्या वाड्या हव्या तेवढ्या असतात. पण दूध घालणाऱ्यांची नावं दोन्हीकडे तीच. फॅट मोजायचं मशीन तेच, त्याचा नंबरही तोच. सकाळचं दूध सावरघळच्या टेम्पोत चढत होतं आणि संध्याकाळचं निवेघरच्या. रोज. एक थेंबही दोनदा मोजलेला नव्हता. म्हणजे लबाडी नव्हती.

डेअरीचे संकलन बघणारे हैबतराव म्हणून एक गृहस्थ होते. पन्नाशीचे, धिप्पाड, पांढरी टोपी, आणि जीप स्वतः चालवण्याचा मोठा अभिमान. मी त्यांना फोन करून विचारलं, की ही वाडी नक्की कुठल्या बाजूला आहे. ते म्हणाले, सावरघळच्या. मी स्वतः गेलोय. मग त्यांनी निवेघरच्या टेम्पोवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, आमच्या बाजूला. मी रोज जातो. हैबतराव बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, “मॅडम, उद्या मोकळ्या असाल तर चला. एका दिवसात दोन्हीकडनं बघून येऊ. वाटेत मिसळ माझ्याकडनं.”

मिसळ चांगली होती. पौड ओलांडल्यावर उन्हं चढली, भातं निघून गेलेल्या खाचरांत पेंढ्याच्या उडव्या दिसू लागल्या. पाण्यावर धुकं होतं, ते आमच्या डोळ्यांदेखत विरघळत गेलं. सावरघळला डांबर संपलं. हैबतरावांनी जीप एका पाराजवळ लावली आणि आम्ही पायवाटेनं चढू लागलो. वाट सोपी होती, कारवीच्या दाटीतून जाणारी, आणि हैबतराव दर वळणावर थांबून निसर्ग बघत होते. धाप लागली असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

उंबरमाळ म्हणजे सपाटीवरची थोडी घरं, एक गोठा आणि दूध केंद्राची पत्र्याची खोली. ओट्यावर बसलं की समोर खाली पाणी दिसत होतं, निळं आणि स्वच्छ. केंद्र सारजाबाई सांभाळत. वय झालेलं, पण चालणं तुरुतुरु, आणि बोलणं त्याहून भरभर. त्यांनी आम्ही कोण हे विचारायच्या आधी चहा टाकला. त्यांचे यजमान कोंडिबा गवताचा भारा उतरवत होते. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि बायकोला सांगितलं, की पाहुण्यांना बोलू दे जरा. सारजाबाईंनी ते ऐकलं नाही.

मी मशीन बघितलं. नंबर तोच होता. मग मी त्यांना सरळ विचारलं, की ही वाडी कुठल्या गावाखाली येते.

“सावरघळ,” त्या म्हणाल्या.

“आणि निवेघर?”

“निवेघर बी.”

“दोन्ही कसं असेल?”

त्यांना माझा प्रश्न फारसा कळला नाही. “वाटा दोन हायेत की. ही फुडची सावरघळला उतरती. गोठ्यामागची निवेघरला. सकाळचं दूध हिकडनं जातं, सांजचं तिकडनं. उगा एकाच टेम्पोवर भार कशाला.”

हैबतराव म्हणाले की निवेघर पाण्याच्या पलीकडे आहे, बाई. सारजाबाई म्हणाल्या, आसंल. आणि त्यांनी चहा पुढे केला.

चहा झकास होता. मी पर्समधला बिस्किटांचा पुडा काढला, अर्धा आम्ही खाल्ला, उरलेला ओट्यावरच राहिला. निघताना मला गोठ्यामागच्या वाटेनं उतरून बघायची फार इच्छा झाली. हैबतरावांनी विचारलं, की तुम्ही तिकडनं उतरलात आणि मी जीप घेऊन वळसा घालून येईपर्यंत दुपार झाली, तर बसणार कुठं? प्रश्न व्यवहाराचा होता. आम्ही आल्या वाटेनं उतरलो.

मग वळसा. तो वळसा कोणाला सांगायचा म्हणजे कंटाळवाणा. घाट, खड्डे, एक बंद रस्ता, पुन्हा माघार. हैबतरावांनी गावातल्या लग्नांच्या गोष्टी सांगितल्या, त्यात एका नवरदेवाला वरातीतली घोडी थेट स्वतःच्या तबेल्यात घेऊन गेली होती. मी पोट धरून हसले. निवेघरला पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिथून एक वाट वर जात होती. चढ या बाजूनं जरा उभा होता. हैबतरावांनी पुन्हा निसर्ग बघितला.

वर पोहोचलो तो गोठा आधी दिसला. त्याची मागची भिंत. मग त्याला वळसा घालून पुढे आलो तर ओटा.

ओट्यावर माझा बिस्किटांचा पुडा होता, वरून नीट दुमडलेला.

सारजाबाई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, “फिरून आलात व्हय? मागची वाट धरली असती तर कवाच पोचला असता.”

हैबतराव ओट्यावर बसले. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. खाली पाणी होतं, निळं आणि स्वच्छ, सकाळी होतं तसं बरोबर समोर. आम्ही पाण्याच्या दुसऱ्या काठावर आलो होतो, तरी ते आमच्या पाठीशी नव्हतं. समोरच होतं. मी उभी राहून दोन्हीकडे बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं.

आम्हाला दुसऱ्यांदा चहा मिळाला.  जीपमध्ये बसल्यावर हैबतरावांनी चावी लावली आणि म्हणाले की टेकडी आहे, पाण्याचं वळण आहे, माणसाची दिशा चुकते. मी म्हणाले, बरोबर. दोघांनाही बरं वाटलं. परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा नवरदेवाच्या घोडीवर आलो.

दुसऱ्या दिवशी मी स्नेहलला एवढंच सांगितलं, की वाडी खरोखरच दोन्ही गावांना जोडलेली आहे. तिनं डोळेही वर केले नाहीत. अशा चुकीवरचा उपाय आमच्यात सगळ्यांना पाठ असतो. यंत्रात वाडीची जी ओळख असते, तिला वरच्या गावाची ओळख चिकटवून द्यायची. म्हणजे एका उंबरमाळची दोन होतात, सावरघळचं उंबरमाळ आणि निवेघरचं उंबरमाळ. दोन्हींच्या वर एकेक गाव. दूध घालणारी माणसंही दोन्हींकडे वाटून द्यावी लागतात, कारण एक माणूसही दोन वाड्यांखाली चालत नाही. ती वाटणी यंत्रच करतं. ज्याचं दूध सकाळी जास्त तो इकडे, ज्याचं संध्याकाळी जास्त तो तिकडे.

मी ते केलं. जिना पहिल्या फटक्यात उभा राहिला. स्नेहलनं माझ्या पाठीवर थाप मारली. मालकांनी पडद्यावर बोट ठेवून तालुका उघडला, गाव उघडलं, वाडी उघडली, आणि इतके खूश झाले की ऑफिसात पेढे आले. आठवडाभर माझी चैन होती.

मग हैबतरावांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोकळा नव्हता. उंबरमाळचं दूध घटलं होतं. सकाळी सावरघळच्या टेम्पोला थोडं मिळत होतं, संध्याकाळी निवेघरच्या टेम्पोला थोडं. निवेघरचा टेम्पोवाला सांगत होता, की केंद्रावर आता कोंडिबा एकटाच बसतो. मशीन चालवता येत नाही, दूध मापानं ओततो, आणि रोज विचारतो, आमची मंडळी सावरघळच्या टेम्पोत बसून कुठं गेली का.

मी वाटणी उघडून बघितली. सारजाबाई सावरघळखाली गेल्या होत्या. कोंडिबा निवेघरखाली.

मी हे हैबतरावांना सांगितलं नाही. मी म्हणाले, जरा जाऊन येऊ या का. त्यांनीही का म्हणून विचारलं नाही. या खेपेस मिसळ राहिली.

सावरघळच्या बाजूनं चढलो. घरं तीच होती, पण काहींना कुलपं होती. गोठ्यात एक वासरू होतं आणि त्याची आई नव्हती. सारजाबाई ओट्यावर बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. त्यांनी वासराला बाटलीनं दूध कसं पाजावं लागतंय ते सांगितलं, मशीनची वायर उंदरांनी कशी खाल्ली ते सांगितलं. मी यजमानांचं विचारलं.

“हायेत,” त्या म्हणाल्या. “पर दिसत न्हाईत.”

हैबतरावांनी विचारलं, म्हणजे काय.

“म्हंजी जेवलेत का ते कळतं. बाकी काय बी कळत न्हाई.” मग त्या हसल्या. “एक मातर बरं झालं. इतक्या वर्सांत पयल्यांदा घोरणं न ऐकता निजले मी.”

पण चुलीपाशी टोपलीत भाकरी होत्या, एका माणसाला संपणार नाहीत इतक्या.

मी गोठ्यामागच्या वाटेचं विचारलं. त्या म्हणाल्या, वाट हाय, पर बिघडलीया. उतरत गेलं की गोठाच येतो फिरून. त्यांनी पाय दुखेस्तोवर करून बघितलं होतं. फोन लावावा तर कोंडिबांचा फोन इथेच खुंटीला टांगलेला.

मग त्या उठून ओट्याच्या टोकाला गेल्या, गोठ्याकडे तोंड केलं आणि डोंगरातली माणसं घालतात तशी लांब हाळी घातली. “जेवलात का?”

“जेवलो.”

आवाज गोठ्यामागून आला. लांबून नाही. भिंतीच्या पलीकडून, माणूस हात लांब करील एवढ्या अंतरावरून.

हैबतराव धावत गेले. मीही गेले. भिंतीमागे शेणाचा उकिरडा होता, एक तुटकं दावं पडलं होतं, आणि पायवाट होती, कारवीत शिरणारी. कोणी नव्हतं.

“काय खाल्लं?” सारजाबाईंनी विचारलं.

“भात आन ताक,” आवाज म्हणाला. आता तो आमच्या दोघांच्या मधून आल्यासारखा वाटला. “वासरू पितंय का?”

“पितंय.”

हैबतरावांनी माझ्या हाताला धरून मला ओट्यावर आणलं.  मी लॅपटॉप उघडला.

हे लिहिताना मला माझं हसू येतं. एका पत्र्याच्या खोलीबाहेर, मांडीवर लॅपटॉप, मोबाईलची रेंज एक काडी, आणि समोर म्हातारी बाई वासराला पाजतेय. मला ते सगळं निव्वळ योगायोग वाटत होतं, असं मी मनात म्हणत होते. पण योगायोगच असता तर मी लॅपटॉप उघडलाच नसता. मालक संध्याकाळी मोठ्या बँकेच्या लोकांना तोच पडदा दाखवणार होते. मी जे केलं होतं ते उलटवलं, तर जिना पुन्हा कोसळणार होता, आणि स्नेहल मला काय म्हणेल ते मला ठाऊक होतं.

मी सारजाबाईंकडे बघितलं. त्या वासराच्या कपाळावर हात फिरवत होत्या आणि त्याला काहीतरी हळू सांगत होत्या.

मी दोन ओळखी पुसल्या. एक केली. उंबरमाळ, नुसतं.

रेंज गेली. आली. पडद्यावर लाल ओळ उमटली: ‘उंबरमाळ’ या घटकाला वरचे घटक एकापेक्षा जास्त आहेत.

काही झालं नाही.

वारा पडला होता. खाली पाणी स्तब्ध होतं. वासरानं दूध पिणं थांबवलं आणि कान टवकारले.

गोठ्यामागून गाय हंबरली.

मग गाय आली, आणि तिच्या मागून कोंडिबा, हातात तुटकं दावं घेऊन. दावं कुणी तोडलं म्हणून कुरकुरत होते. त्यांनी आम्हाला बघितलं, मान हलवली.

“कुटं हुतात?” सारजाबाई म्हणाल्या. आवाज कोरडा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला.

“कुटं म्हंजी? हितंच,” कोंडिबा म्हणाले. “तूच दिसंनास.”

 सारजाबाईंनी टोपलीतली भाकरी आणून त्यांच्या हातात दिली आणि ते उभ्याउभ्याच खाऊ लागले. वासरू आईला लुचत होतं. शेजारच्या घराचं दार कोणीतरी आतल्या बाजूनं खडखडवत होतं आणि हसत होतं, की दाराला बाहेरनं कुलूप कुणी घातलं. हैबतराव ते उघडायला गेले, ते डोळे पुसतच.

स्नेहलनं मला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. पण ती कामात पक्की आहे. रागावून झाल्यावर तिनं विचारलं, की ती वाडी गावाच्या पायरीवर बसवायलाच हवी का. काही उतरंडींत मधली पायरी वगळता येते. वाडी थेट तालुक्याला जोडायची. वर एकच, आणि तेही खोटं नाही. मी जीपमध्ये बसूनच ते केलं आणि पौड यायच्या आधी जिना उभा राहिला. संध्याकाळी बँकेच्या साहेबांनी विचारलं म्हणे, की ही एकच वाडी गावाशिवाय कशी. हैबतराव तिथे होते. ते म्हणाले, “मुळशीखाली आहे साहेब. तेवढं पुरे.” आणि साहेबांना ते पुरलं.

दूध पहिल्यासारखं येऊ लागलं. सकाळी इकडनं, संध्याकाळी तिकडनं. उतरंडीत आता काही अडत नाही. मी त्या जागी एक टीप लिहून ठेवली आहे, पुढे कुणी ते सुधारायला गेलं तर: ‘हे असंच आहे. हात लावू नये.’ आमच्या धंद्यात अशा टिपा खूप असतात. त्यांच्यामागे काय असतं ते कुणी विचारत नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी हैबतरावांनी फोन केला, की बाईंनी निरोप धाडलाय, दुसरी गाय व्याली, खरवस खायला या. आम्ही गेलो. मिसळ या वेळी माझ्याकडून होती. सावरघळच्या वाटेनं चढलो. मागच्या वाटेचं नाव दोघांनीही काढलं नाही. उंबरमाळवर ऊन छान पडलं होतं. सगळी घरं उघडी, माणसं अंगणात. कोंडिबा नव्या वासराचं अंग पुसत होते. मशीनला नवी वायर आली होती. खरवस गुळाचा होता, वेलदोडा घातलेला, आणि हैबतरावांनी तो तीनदा मागून घेतला. मला इतकं हलकं वाटत होतं की मी ओट्यावर पाय सोडून बसले आणि पाण्याकडे बघत राहिले, निवांत.

सारजाबाईंनी चहा आणला. हैबतरावांपुढे एक कप ठेवला. माझ्यापुढे दोन.

मी म्हणाले, मला एकच पुरे.

“ह्यो आताचा,” त्या म्हणाल्या. “दुसरा मागनं याल तवाचा.”

मी हसले. हैबतराव हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

मी म्हणाले, की मी आज मागच्या वाटेनं येणार नाही, आम्ही इकडूनच उतरू.

“तुमी न्हाई वो,” सारजाबाई म्हणाल्या, आणि माझ्या गुडघ्यावर मायेनं हात ठेवला. “त्या दिशी दोन्हीकडनं आलात न्हवं का तुमी. तवापास्नं तिकडनं बी येताय. परवा आला होतात, लई येळ बसलात. हैबतराव संगं न्हवते. इचारलं त्यांचं, तर म्हणलात, मला बी दिसंनात.”

परवा मी माणमध्ये होते. दिवसभर स्नेहलच्या शेजारी.

हैबतराव उठून उभे राहिले.  कोंडिबांनी वासराला आईकडे सोडलं आणि हात धुतले.

सारजाबाईंनी दुसऱ्या कपावर बशी झाकली, निवू नये म्हणून. मग त्या आत गेल्या आणि मागच्या दाराची कडी काढून ठेवली.